सूत कोणाच्या हातून जायचे? सोलापुरातल्या गिरणीतली आणि मागावरची बाया-पुरुषांची कामे

प्रश्न असा आहे: विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत सोलापूरसारख्या कापडाच्या गावात पुरुष कोणती कामे करत आणि बायका कोणती? घरच्या जुन्या कागदांत आजोबांपुढे ‘विणकर’ किंवा ‘साचेवाला’ (गिरणीतला यंत्रमाग चालवणारा) आणि आजीपुढे ‘घरकाम’ असे लिहिलेले असेल, तर ते कितपत खरे धरायचे?

आजोबांची नोंद बहुधा खरी असते. आजीची जवळजवळ नेहमी अपुरी असते, आणि मागावर काम चालणाऱ्या घरात तर ती चूकच असते. का, ते कळण्यासाठी कापसापासून लुगड्यापर्यंत सूत कोणकोणत्या हातांतून जाई ते पाहावे लागते.

सोलापूरचे वैशिष्ट्य हे की तिथे गिरणी आणि हातमाग एकमेकांना लागून होते. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे जुनी मिल, सुरू झाली. पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि जाम मिल आल्या. दुसरीकडे साखर पेठेसारख्या वस्त्यांत तेलंगणातून आलेले पद्मशाली, शिवाय साळी, कोष्टी, कुरुहीनशेट्टी, मोमीन अशा विणकर समाजांचे माग घरोघरी चालू होते. गिरण्या कापड काढत, तसेच मागवाल्यांना लागणारे सूतही विकत. त्यामुळे गिरणीतल्या एका बाईने गुंडाळलेले सूत गावातल्याच दुसऱ्या बाईने उकलायचे, असे रोज घडत होते. ही दोन टोके लक्षात ठेवा, बाकीची कामे मग आपोआप जागेवर बसतात.

आधी गिरणी. कापसाच्या गाठी फोडणे, कापूस मिसळणे, ब्लो रूममध्ये तो झोडून साफ करणे ही कामे पुरुषांची. कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजून तंतू सरळ करण्याच्या खात्यातही पुरुषच. कार्डच्या तारांत अडकलेला कचरा ठरावीक वेळाने काढावा लागे आणि तारांना धार द्यावी लागे. या खात्यात कापसाची धूळ सर्वांत जास्त उडते, आणि तिथे वर्षानुवर्षे काढलेल्यांना दम लागायचा तो याच धुळीने. पेळू (पिंजलेल्या कापसाची लांब वात) लांबवत बारीक करणारी ड्रॉइंग आणि स्पीड फ्रेमची यंत्रेही पुरुषांकडेच.

सूतकताईच्या खात्याला कामगार ‘त्रासन’ म्हणत. इथे साइडवाला म्हणजे रिंग फ्रेमची एक बाजू सांभाळणारा कामगार. तुटलेला धागा फिरत्या चात्यावर पुन्हा जोडणे हे त्याचे मुख्य काम. हवा कोरडी झाली की धागे जास्त तुटतात, आणि सोलापूरचा उन्हाळा कोरडा. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत या खात्यातली धावपळ वाढे. भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवणारी पोरे म्हणजे डाफर. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि नऊ ते चौदा वयाच्यांना सात तासांची मर्यादा घातली; १९११ नंतर कापड गिरण्यांत मुलांचे तास सहा झाले; १९२२ मध्ये किमान वय बारा झाले. तेव्हा १९०५ च्या सुमारास दहा वर्षांचा मुलगा ‘मिलमध्ये’ अशी नोंद दिसली तर तो बहुधा अर्ध्या दिवसाचा डाफर समजावा.

आता बायकांची खाती. मुख्य दोन: वाइंडिंग, ज्याला गिरणीच्या बोलीत ‘बाइंडिंग’ म्हणत, आणि रीलिंग.

वाइंडिंगमध्ये रिंग फ्रेमवरून आलेल्या लहान बॉबिनींवरचे सूत मोठ्या बॉबिनीवर घेतात. नुसते गुंडाळणे एवढेच ते काम नव्हे. सूत एका अरुंद फटीतून जाते, तिथे जाड गाठी आणि कच्चे तुकडे अडकतात. बाईने धागा थांबवायचा, वाईट तुकडा तोडून टाकायचा आणि विणकरी गाठ मारायची. ही गाठ लहान आणि चपटी बसली पाहिजे. मोठी बसली किंवा शेपूट लांब राहिले, तर तीच गाठ पुढे मागावरच्या फणीच्या दातात अडकते, धागा तुटतो आणि कापडात उभी रेघ पडते. दंड मात्र साचेवाल्याला होतो. कापड खराब निघाले की ते विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची रीतही गिरण्यांत होती. १९३६ च्या वेतन कायद्याने दंडाला मर्यादा घातली, रुपयामागे अर्धा आणा. वाइंडिंगची बाई आणि साचेवाला एकमेकांना ओळखतही नसत, पण त्याचा महिन्याचा पगार तिच्या बोटांवर अवलंबून असे.

रीलिंग हे सोलापूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे खाते. मागवाल्याला सूत लडीच्या रूपात लागते, कारण रंगवणे लडीतच होते. रीलचा घेर ५४ इंच, म्हणजे दीड यार्ड. ८० फेरे झाले की १२० यार्डांची एक ली होते, आणि सात लींची ८४० यार्डांची एक लडी. एका पौंडात किती लड्या बसतात तोच सुताचा नंबर. २० नंबरच्या सुताच्या एका पौंडात २० लड्या, म्हणजे १६,८०० यार्ड. एका रीलवर साधारण ४० लड्या एकदम चालत. एक धागा तुटला तर रील थांबवून तो शोधून जोडायचा. तसाच सोडला तर त्या लडीचे फेरे कमी भरतात. लडी पुरी झाली की प्रत्येक ली वेगळी राहील असा आडवा दोरा घालून बांधायची. हा दोरा नीट घातला नाही तर रंगाऱ्याकडे लडी पिळताना सगळ्या ली एकमेकींत जातात आणि पुढे ती लडी उकलता उकलत नाही. मजुरी कामावर, म्हणजे जितक्या लड्या तितके पैसे. सूत कच्चे आले, धागे सतत तुटत राहिले, तर मेहनत दुप्पट आणि मजुरी निम्मी, आणि त्यात तिचा काही दोष नसे.

लड्यांचे गठ्ठे बांधणे पुन्हा पुरुषांकडे. दहा पौंडांचा गठ्ठा, २० नंबरचा असेल तर २०० लड्या, दाबयंत्रात घट्ट दाबून कागदात बांधलेला. याशिवाय टाकाऊ सुतातून आणि कापसातून उपयोगी भाग वेचण्याचे काम बायकांचे. त्याची मजुरी सर्वांत कमी. सोलापूर जिल्ह्यातल्या जिनिंगच्या कारखान्यांतही बायका होत्या. यंत्रात सरकीचा कापूस घालत बसायचे काम त्यांचे, गाठी दाबायचे आणि इंजिनाचे पुरुषांचे. पण तो हंगामी धंदा होता, आणि रीलिंगमध्ये वर्षभर काम मिळते म्हणून बायका गिरणीकडे वळत.

विणाईच्या तयारीची गिरणीतली कामे पुरुषांची: ताणा (कापडाचे उभे धागे) बीम नावाच्या मोठ्या रुळावर घेणे, त्याला खळ देणे, वहीफणीतून, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या आणि सुटे ठेवणाऱ्या चौकटींतून, धागे ओवणे. खळ देणारा सायझर हा मोठ्या पगाराचा आणि मानाचा माणूस. पीठ, चरबी, चिनी माती आणि बुरशी येऊ नये म्हणून झिंक क्लोराइड, या सगळ्यांचे प्रमाण त्याच्या हातात. खळ कमी पडली तर ताणा फणीत घासून फुटतो. सूत ओलसर राहिले तर गोदामात बुरशी धरते. फार वाळले तर धागा ताठ होऊन मोडतो.

आणि साचेवाला. साचा म्हणजे यंत्रमाग. मुंबई इलाख्यातल्या गिरण्यांत एका विणकराकडे सहसा दोन साचे. कांडी, म्हणजे बाण्याचे (आडव्या धाग्याचे) सूत गुंडाळलेली नळी, किती लवकर संपते पाहा: ४५ इंच रुंदीचे कापड आणि मिनिटाला १८० फेका, म्हणजे आडव्या धाग्याच्या तितक्या ओळी, धरल्या तर मिनिटाला २२५ यार्ड बाणा जातो. एका औंसात २० नंबरचे १,०५० यार्ड सूत मावते, म्हणजे एक औंसाची कांडी पाच मिनिटांच्या आत संपते. दोन साचे धरले तर दर अडीच मिनिटांनी धोटा (कांडी पोटात घेऊन ताण्यातून ये-जा करणारे साधन) काढून नवी कांडी घालायची. धोट्याच्या भोकातून धागा बाहेर काढायला तो तोंडाने ओढून घेत. याच कारणाने, उष्ट्याच्या विटाळाचे निमित्त करून, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना अधिक पगाराच्या विणाई खात्यापासून दूर ठेवले जाई. १९२८ च्या मुंबईच्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला.

बायका साच्यावर का नव्हत्या? ‘ताकदीचे काम’ हे नेहमीचे उत्तर, पण ते टिकत नाही. सोलापुरात आणि मुंबईत जे यंत्रमाग होते तसलेच माग लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न, बर्नली या गावांत चालत, आणि तिथे विणकरांत बायकाच जास्त होत्या. एकेका बाईकडे चार-चार माग असत. आपल्याकडे कारणे वेगळी होती. भरती जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या हातात, जॉबर आपल्या गावच्या आणि जातीच्या पुरुषांना घेई. साच्याची मजुरी घर चालवण्याइतकी असल्याने पुरुष ती जागा सोडत नसत. आणि कायद्याने बायकांचे तास आधी बांधले. १८९१ मध्ये बायकांना अकरा तासांची मर्यादा आणि रात्रीच्या कामावर बंधने आली. पुरुषांना मर्यादाच नव्हती, ती कापड गिरण्यांत १९११ मध्ये बारा तासांची आली. पुरुषांना बारा तास आणि बायकांना अकरा असताना एकाच सलग खात्यात दोघांना ठेवणे मालकाला गैरसोयीचे. रीलिंग-वाइंडिंगमध्ये प्रत्येकीचे काम वेगळे मोजता येई, ती उशिरा आली किंवा लवकर गेली तरी यंत्रांची साखळी अडत नसे. १९२२ मध्ये सर्वांना दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास झाले, १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न. तोवर खात्यांची वाटणी घट्ट बसली होती.

बायकांच्या खात्यावर नायकीण असे. ती भरती करी, हजेरी पाहे, चांगले सूत कोणाला द्यायचे तेही ठरवी. कामावर घेण्यासाठी आणि टिकवण्यासाठी ती पैसे घेत असे, जसा जॉबर पुरुषांकडून दस्तुरी घेई. १९२९ ते १९३१ च्या शाही कामगार आयोगाने या दोन्ही प्रथांवर टीका केली आहे. म्हणून कागदात ‘नायकीण’ सापडली तर ती साधी कामगार समजू नका. खात्यातल्या बायकांची रोजी तिच्या शब्दावर असे.

तान्ह्या मुलांचे काय, हाही या कामाचाच भाग आहे. पाळणाघर नसेल तिथे मूल घरी म्हाताऱ्या बाईकडे किंवा मोठ्या बहिणीकडे राही, आणि ते झोपून राहावे म्हणून अफूची बाळागोळी दिली जाई. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, रोज आठ आणे. त्याचा फायदा नोकरीची नोंद असलेल्या गिरणीतल्या बाईला. घरच्या रहाटावर बसलेल्या बाईला काहीच नाही.

सोलापुरातल्या कामगारांचा आणखी एक गट विसरू नये. काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजी अमलातल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात मोठी सेटलमेंट, म्हणजे त्यांना ठेवण्याची वसाहत होती. तारेच्या कुंपणात राहणाऱ्या, हजेरी देणाऱ्या या कुटुंबांतले पुरुष आणि बायका दोघेही गिरण्यांत कामाला जात. त्यांना काम सोडायचे स्वातंत्र्य इतरांसारखे नव्हते. तुमच्या घरचा पत्ता ‘सेटलमेंट’ असा असेल तर गिरणीतली नोकरी ही निवड होती असे धरून चालू नका. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

आता तो दहा पौंडांचा गठ्ठा मागवाल्याच्या घरी आणू.

आधी रंग. निळीचे काम निराळी समाजाचे, इतर रंगांचे रंगारी वेगळे. तिथून लडी घरी आली की ती असारीवर (लडी चढवायच्या फिरत्या चौकटीवर) चढवून रहाटाने बॉबिनीवर उकलायची. हे काम बायकांचे, मुलींचे आणि नजर शाबूत असलेल्या म्हाताऱ्यांचे. गिरणीत लीचा दोरा चुकलेला असेल तर त्याची शिक्षा इथे भोगायची. धागा सापडत नाही, ओढला की तुटतो, आणि सुताचे पैसे तर आधीच दिलेले.

मग ताणा. जुन्या पद्धतीत जमिनीत खुंट्या रोवून त्यांच्याभोवती धागे नेत बायकांनी चालायचे. हे काम किती, ते आकड्यांशिवाय कळत नाही. ४५ इंच रुंदी आणि इंचाला ५० धागे म्हणजे २,२५० धागे. तीन नऊवारी लुगड्यांपुरता २७ यार्डांचा ताणा धरला तर ६०,७५० यार्ड सूत लागते. एका वेळी दोन धागे घेऊन चालले तरी ३०,००० यार्डांहून जास्त चाल, म्हणजे सतरा मैल. तीन लुगड्यांसाठी सतरा मैल, आणि तेही मागावर बसण्याआधी. ताण सगळीकडे सारखा हवा. थकल्यावर हात सैल पडला तर ते धागे मागावर लोंबतात, धोटा त्यांत अडकतो. गिरणीने लडीत फेरे कमी दिले असतील तर सूत शेवटी तुटपुंजे पडते. पुढे ताणा काढायची फिरती चौकट आली, ताणा करून देणारे वेगळे कारागीर झाले, तेव्हा हे चालणे कमी झाले. पण त्याबरोबर बाईचे एक काम पुरुषाकडे गेले आणि त्याला मजुरीही ठरली. हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो: घरात फुकट होणारे काम यंत्रावर गेले की ते धंदा ठरते आणि बहुधा पुरुषाचे होते.

पांजणी, म्हणजे ताण्याला खळ देणे, सगळ्या घराने मिळून करायची. ताणा गल्लीत लांब पसरायचा, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठाची पातळ खळ लावायची आणि कुंच्याने धागा धागा सुटा करत ती वाळवायची. यासाठी पहाटेची वेळ उत्तम. ऊन चढले की खळ भराभर वाळून धागे चिकटतात, वारा सुटला तर गुंततात, आणि पावसाळ्यात वाळतच नाहीत. म्हणूनच पावसाळ्यात पुष्कळ माग सुतावाचून थांबत. पांजणी झालेल्या ताण्याचे टोक फणीत उरलेल्या जुन्या धाग्यांना एकेक करून पिळून सांधायचे, बोटांना राख लावून. २,२५० सांधे. बसून करायचे हे काम, त्यामुळे घरात ज्याला वेळ असेल तो ते करी.

मागावर बसे तो पुरुष. विणकर समाजांतल्या बायकांना विणता येत नव्हते असे नाही, पण माग ही घरातली कमावती जागा होती आणि ती पुरुषाची मानली जाई. बाण्याच्या कांड्या मात्र बायको, आई किंवा मुले भरणार. कांडी सैल भरली तर धोट्याच्या धक्क्याने सूत ढासळते. फार भरली तर धोट्याच्या पोटात घासते. टोकाशी उतार नीट नसेल तर धागा सुटताना अडतो आणि कापडाची किनार आत ओढली जाते. काठ वेगळ्या रंगाचे असतील तर त्यांच्या कांड्या निराळ्या, धोटे तीन.

इथेच एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक वर्णनांत ती निसटते. दोरी ओढून धोटा फेकण्याचा झटक्याचा माग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोलापुरात पसरला. विणकराचा वेग जवळपास दुप्पट झाला म्हणून त्याचे कौतुक झाले. बाण्याचा हिशेब करा. नऊ यार्डांचे, ४५ इंच रुंदीचे लुगडे, इंचाला ४५ फेका: एकूण १४,५८० फेका, म्हणजे १८,२२५ यार्ड, म्हणजे जवळपास २२ लड्या. दोन दिवसांत एक लुगडे होत होते ते समजा एका दिवसात होऊ लागले. कांड्या भरणारीला रोज ११ लड्या पुऱ्या करायच्या होत्या, आता २२. तिचा रहाट तोच, वेग तोच. मागाची सुधारणा झाली, पण रहाटाची झाली नाही. म्हणून झटक्याच्या मागाला एक बाई पुरेना. दुसरी मुलगी रहाटावर बसली, किंवा बाहेरून कांडीवाली ठेवावी लागली. विणकराला मजुरी लुगड्यावर मिळे आणि घरच्या बायकांचे काम त्याच आकड्यात धरलेले असे. तो आकडा वेगाबरोबर दुप्पट झाला नाही.

माग कारखान्यांत एकत्र आल्यावर, म्हणजे एका मालकाच्या छपराखाली अनेक माग आणि मजुरीवर विणकर अशी व्यवस्था वाढल्यावर, कांडीवालीला प्रथमच स्वतःची रोजी मिळू लागली, वजनावर किंवा कांड्यांच्या मोजणीवर. थोडी, पण तिच्या हातात. पुढे विणकर घरांतल्या बायका मोठ्या संख्येने बिडीकडे वळल्या त्यामागेही हेच आहे. विड्या घरी बसून वळता येतात आणि हजारावर हिशेब होतो.

तर तुमच्या कागदांकडे वळू. १९०१, १९११ आणि १९२१ च्या जनगणनांत माणसे ‘प्रत्यक्ष काम करणारी’ आणि ‘अवलंबून असणारी’ अशी दोन रकान्यांत घातली. विणकराची बायको बहुतेकदा दुसऱ्यात पडे. १९३१ मध्ये ‘काम करणारे अवलंबी’ असा नवा प्रकार आला. घरच्या धंद्यात हात लावणारे पण स्वतः पैसे न मिळवणारे त्यात. त्यामुळे १९२१ आणि १९३१ चे आकडे शेजारी ठेवून ‘बायकांचे काम वाढले’ किंवा ‘घटले’ असे म्हणता येत नाही, रकानाच बदलला आहे. शिवाय जनगणनेच्या घरोघरच्या मूळ याद्या जपलेल्या नाहीत, छापील तक्तेच मिळतात, तेव्हा आजीचे नाव तिथे शोधू नका.

नाव शोधायचे तर शाळेच्या दाखल्यात पालकाचा धंदा, जन्ममृत्यूची नोंद, गिरणीचे तिकीट आणि पगाराचे कागद पाहा. तिकिटावर खाते लिहिलेले असते: ‘बाइंडिंग’, ‘रीलिंग’, ‘त्रासन’, ‘साचा’. ‘बदली’ असेल तर ती व्यक्ती कायम नव्हती. रोज सकाळी दारात उभे राहून कोणी गैरहजर असेल तरच काम मिळे. आजोबा ‘विणकर’ आणि आजी ‘घरकाम’ असेल तर घरी किती माग होते ते विचारा, आणि माग झटक्याचा होता का तेही. एका मागामागे कांड्या, उकलणी आणि पांजणीसाठी किमान एक, झटक्याच्या मागाला दीड ते दोन माणसांचे पूर्णवेळ काम धरा. मागांच्या संख्येवरून घरातल्या किती बायका-मुली दिवसभर सुतावर होत्या याचा अंदाज येईल, मग नोंदीत काही का लिहिलेले असेना.